चौघींनी वाटून घेतलेली भीती

चार बायका एखाद्या कामाला बसल्या की काम किती होतं ते देव जाणे, पण किस्से मात्र पोत्याने जमतात! आमचं काम तीन वर्षं चाललं. त्यात गंमत अशी की प्रसंग घडताना हातपाय गार पडायचे, घशाला कोरड पडायची, अन् दोन महिने गेले की तोच प्रसंग सांगताना पोट धरून हसायचो. काही किस्से मात्र अजून हसू देत नाहीत. तेही सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी नसीम. मूळची भडगावची, जळगावात उर्दू शाळेत मराठी शिकवते. फरहत आपा धुळ्याच्या, साठीच्या. वडिलांकडून अरबी शिकल्या, पुढे रीतसर परीक्षा देऊन आलिमा झाल्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडिता. तिसरी जुबेदा, यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी मुसलमानांची वस्ती आहे, तिथली अंगणवाडी सेविका. अन् चौथ्या सुनंदा अक्का, एका छापखान्यातून रिटायर झालेल्या प्रूफरीडर. दर शुक्रवारी माझी शाळा लवकर सुटायची. मग आम्ही अक्कांच्या घरी वरच्या खोलीत जमायचो आणि कुरआनाचा अर्थ मराठीत लिहायचो. सगळ्या कुरआनाचा नाही, तेवढी आमची ताकद नाही. लग्न, लेकरं, अनाथ, विधवा, ताटातूट, एवढाच भाग. बाईच्या रोजच्या जगण्याला जो येऊन भिडतो तो.

आपा अरबी वाचून अर्थ सांगायच्या, मी मराठीत उतरवायचे, जुबेदाला कळलं नाही की वाक्य बाद, आणि उरलेल्यावर अक्कांची लाल पेन्सिल!

* * *

सुरुवात जुबेदामुळे झाली. त्यांच्या वस्तीत बायकांसाठी आपांचं व्याख्यान ठेवलं होतं. मी सोबत गेले होते. आपा दीड तास बोलल्या, एकदम खानदानी उर्दूत. बायका माना डोलवत होत्या. संपल्यावर जुबेदा चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आपा, बठ्ठं चांगलं व्हतं. पन आम्हले काहीच समजनं नही."

तिची बोली म्हणजे तडवी, अहिराणी आणि यावलकडची मराठी यांची मिसळ. आपांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ बरोबर पोचला. कप हातातच राहिला.

"मग माना कशाला हलवत होतात?"

"भ्याव वाटस ना! मान नही हालवी तर पाप लागी!"

परत आल्यावर जळगाव स्टँडवर आपा माझा हात धरून म्हणाल्या, "नसीम, इतकी वर्षं मी बायकांना शिकवत होते, की नुसती घाबरवत होते?"

* * *

मराठी शुद्ध करायला कुणीतरी हवं होतं. मी मराठीची बाई असले तरी वेलांटीत कच्ची आहे, हे माझे विद्यार्थीसुद्धा जाणतात. अक्का म्हणजे लग्नाचं आमंत्रण हातात दिलं तर आधी त्यातल्या चुका काढणारी बाई. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आठ दिवसांनी सांगते."

आठव्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो. डोक्यावरून अंघोळ केलेली, धुवट पातळ, नवी कोरी पेन्सिल. पण कागदाला हात लावेनात.

"काय झालं अक्का?"

"तुमच्या देवाचं पुस्तक हे. माझ्या हातून एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे झाला आणि अर्थ फिरला तर? आठ दिवस डोळ्याला डोळा नाही हो माझ्या."

आपांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अक्का, मला अर्थ चुकण्याची भीती आहे. ती मी घेते. काना-मात्रेची तुम्ही घ्या. वाटून घेऊ."

जुबेदा म्हणाली, "आनि मी?"

"तू न समजण्याची घे."

मी म्हटलं, "आणि मी, आपा?"

आपांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "तू तुझ्या मुख्याध्यापकांची घे!"

* * *

आता गल्लीत काय सांगायचं? दर शुक्रवारी एक बुरख्यातली बाई, एक ओढणीवाली, एक अंगणवाडीची पिशवी घेतलेली, अशा तिघी अक्कांच्या जिन्याने वर जाणार आणि पाच वाजता खाली येणार. दिवस असे, की कोण कशाचा काय अर्थ लावेल सांगता येत नव्हतं. अक्कांचे मालक नाना वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. उपाय त्यांनीच काढला. "शिवणक्लास सांगा."

माळ्यावरचं जुनं मशीन काढून खिडकीत ठेवलं. नाना खाली टीव्ही लावून बसायचे. कुणी अनोळखी जिना चढायला लागलं की टीव्हीचा आवाज मोठा करायचा, ही खूण.

एका शुक्रवारी टीव्ही एकदम कडाडला! आम्ही कागद गादीखाली सरकवले, आपांनी अरबी प्रत छातीशी धरून वर ओढणी घेतली. जुबेदा दाराआड उभी. दार लोटून शेजारच्या काकू आत आल्या. हातात तीन ब्लाउजपीस.

"क्लास आहे ना? मंगळवारी पुतणीचं लग्न आहे. एवढे शिवून द्या बाई!"

मला टाका घालता येत नाही. जुबेदाला बटण लावता येतं. अक्कांचं मशीन त्यांच्याच आठवणीत कधी चाललेलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडे पाहतोय तोवर आपा शांतपणे म्हणाल्या, "माप?"

त्या शुक्रवारी भाषांतर शून्य ओळी, ब्लाउज तीन!

पुढच्या शुक्रवारी आम्ही आलो तर जिन्याखाली आठ बायका पिशव्या घेऊन उभ्या. "फिटिंग एक नंबर आहे म्हणे तुमच्या मॅडमची!" नाना घाम पुसत म्हणाले, "तीस वर्षं बारुदीत काढली मी. असं टेन्शन एक दिवस आलं नाही."

* * *

कुरआनात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तक्वा. बरेच जण 'देवाचं भय' असं लिहून मोकळे होतात. आपांना ते पटेना.

अक्का म्हणाल्या, "पापभीरुता लिहा. भारदस्त आहे."

जुबेदा म्हणाली, "हाऊ भीरू कोन?"

पापभीरुता बाद.

आपा म्हणाल्या, "भय म्हणजे कुत्रं मागे लागल्यावर वाटतं ते. माणूस पळत सुटतो. इथे पळायचं नाहीये, इथे जवळ राहायचंय." मी धाक सुचवला, वचक सुचवला, धास्ती सुचवली. आपा मान हलवत राहिल्या. असे सहा शुक्रवार गेले!

सहाव्या शुक्रवारी जुबेदा एकदम बोलायला लागली. "मनी पोर नऊ महिनानी व्हती. तिले पाठले बांधीसन नाला उतरनू मी. पानी कंबरलोंग. भ्याव वाटे. पन पानीनं नही, पोरनं."

म्हणजे भीती वाटली, पण पाण्याची नाही. पाठीवरच्या पोरीसाठी वाटली. एकेक पाऊल चाचपून टाकलं ते त्यासाठी.

मग आपा म्हणाल्या, "लिही नसीम. जपून राहणं."

अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. "एका शब्दाला सहा शुक्रवार! या वेगाने पुस्तक होईस्तोवर मी वर जाऊन त्यालाच अर्थ विचारून येईन!"

आपा म्हणाल्या, "विचारलात तर मलाही कळवा."

* * *

पिशवीचा किस्सा मी फार कुणाला सांगत नाही. कारण त्यात माझी लाज आहे.

आपा धुळ्याहून एसटीने एकट्या यायच्या. एकदा जळगाव स्टँडवर उतरल्या, कापडी पिशवी बाकावर ठेवली आणि पाणी प्यायला नळावर गेल्या. तिथे रांग. परत येतात तो बाकाभोवती मोठं रिंगण! माणसं दहा-दहा हात लांब उभी, कुणीतरी ओरडतंय, 'हात लावू नका, मागे व्हा.' बेवारस पिशवी! तिच्या तोंडातून कागद डोकावत होते आणि कागदावर अरबी अक्षरं.

आपांचा मला फोन आला. मी शाळेच्या गेटवर होते. आवाज अगदी बारीक. "नसीम, माझी पिशवी बेवारस झाली. लोक लांब उभे आहेत. पोलीस आलाय."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आपा, जाऊ नका तिकडे. तशाच निघून या."

त्या म्हणाल्या, "त्यात सव्वीस पानं आहेत," आणि फोन बंद.

मी रिक्षा करून पोचले तेव्हा रिंगणाच्या मधोमध आपा उभ्या होत्या. काळा बुरखा, हात दोन्ही बाजूला उघडे, सगळ्यांना दिसतील असे. समोर हवालदार. गर्दीतल्या चार-पाच जणांनी मोबाइल वर धरलेले. मी एका खांबाआड उभी राहिले. खोटं कशाला बोलू?

"काय आहे पिशवीत?" हवालदाराने विचारलं.

"पुस्तक. आमचं पुस्तक, तुमच्या भाषेत."

"माझ्या भाषेत? का, तुमची नाही का मराठी?"

हवालदाराने काठीच्या टोकाने पिशवीचं तोंड उघडलं, वाकून पाहिलं, मग हाताने एक कागद ओढला. वाचायला लागला. ओठ हलत होते. अनाथांच्या वाट्याला हात लावू नये, तो भाग होता. पान पूर्ण वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सरळ केलं. त्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं!

मग त्याने कागद आपांच्या हातात दिला. "बाई, तिसऱ्या ओळीत 'आणि' दोनदा पडलंय."

अक्कांना सांगितलं तर त्या उसळल्या. "शक्यच नाही! तीन वेळा वाचलंय मी!" कागद डोळ्यांजवळ नेला. होतं. दोनदा होतं. अक्का त्या दिवशी चहासुद्धा प्यायल्या नाहीत.

* * *

हा पुढचा हसायचा नाही.

कुरआनात 'स्त्रिया' या नावाचं एक प्रकरण आहे. त्यात नवराबायकोच्या बेबनावाबद्दल एक आयत, म्हणजे वचन, आहे आणि त्या आयतीत एक क्रियापद. सरळ अर्थ घेतला तर 'मारा'. जुने पंडित म्हणतात, मारायचं ते फार तर नावापुरतं, इजा होता कामा नये. हल्लीचे काही विद्वान, त्यांत बायकाही आहेत, म्हणतात की तिथे 'दूर व्हा' असा अर्थ घ्यायला हवा. आपांनी सगळ्या बाजू वाचल्या होत्या. तरी त्या ओळीपाशी आल्या की पेन खाली ठेवायच्या. चार शुक्रवार असं झालं. डबा तसाच परत न्यायच्या. चेहरा उतरला.

शेवटी मीच विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "मी वेगळा शब्द लिहिला आणि तो चूक ठरला, तर अल्लाहच्या शब्दात ढवळाढवळ केली म्हणून मला जाब द्यायचा आहे. तोच शब्द लिहिला, तर उद्या कुठल्यातरी घरात दार लावून तो कुणाच्यातरी पाठीवर उमटेल. त्याचाही जाब मलाच द्यायचाय. सांग, कुठे पळू?"

पाचव्या शुक्रवारी त्या निर्णय करूनच आल्या. शब्द सरळ ठेवायचा आणि खाली टीप द्यायची. बारा ओळींची टीप. कोण काय म्हणतं ते सगळं, आणि ज्यांच्यावर हे उतरलं त्या पैगंबरांनी स्वतः कधी बायकोवर हात उचलला नाही, हेही. मी वाचून दाखवलं. अक्कांना आवडलं. "बारीक टायपात बसेल तळाशी," त्या म्हणाल्या.

जुबेदा इतर वेळी वाक्यावाक्याला 'म्हंजे काय?' विचारायची. त्या दिवशी गप्प होती. डाव्या मनगटावर सारखी बाही ओढून घेत होती. अक्कांनी ते पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"समजलं का जुबेदा?" आपांनी विचारलं.

"समजनं." मग म्हणाली, "पन आपा, खाली नका टाकू. मारनारा मानूस बारीक अक्षर वाचत नही."

आमच्या पुस्तकात त्या एका पानावर टीप आधी आहे, ओळ नंतर. दोन्हीचं अक्षर एकाच मापाचं.

* * *

त्याच पानाचा फोटो कुणीतरी काढला. कुणी, कसा, आम्हाला अजून माहीत नाही. चार दिवसांत तो जळगाव-धुळ्यात फोनाफोनांवर फिरला. खाली मजकूर, 'बायका कुरआन बदलतायत.' माझ्या शाळेत दोघीतिघी शिक्षिका माझ्या शेजारून उठून दुसऱ्या बाकावर बसल्या.

पुढच्या आठवड्यात निरोप आला की मोठे मौलाना आपांच्या घरी येणार. सोबत दोन बुजुर्ग. मी आणि जुबेदा धुळ्याला गेलो आणि आतल्या खोलीत पडद्याआड बसलो. बैठकीतही आपांच्यासमोर पडदा होता. मला आमच्या बाजूने फक्त आपांचे पाय दिसत होते.

मौलाना ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आलेले. त्यांनी एकेक शब्द घेऊन विचारायला सुरुवात केली. हा शब्द कुठून आला, याचं मूळ काय, इथे हे रूप का, तिथे ते का नाही. मला निम्मंही कळत नव्हतं. आपांचा आवाज स्थिर होता. पण उजव्या पायाचा अंगठा सारखा फरशीवर घासत होता, सारखा! जुबेदाने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. तासभर हे चाललं.

शेवटी मौलाना म्हणाले, "इल्म आहे तुमच्याजवळ, विद्या आहे. छापा. फक्त वर नाव नका घालू. बाईचं नाव नको."

अंगठा थांबला.

आपा म्हणाल्या, "जशी आज्ञा. पण हजरत, उद्या चूक निघाली तर लोकांनी धरायचं कुणाला?"

मला वाटलं, संपलं सगळं. मग काठी दोनदा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि मौलाना खो खो हसले.

"मग चांगलं ठळक छापा!"

* * *

छपाईला सुरुवात झाली आणि अक्कांच्या डोक्यात नवीनच धास्ती शिरली. खराब निघालेली पानं! प्रेसवाला ती रद्दीत देणार, रद्दीवाला भजीवाल्याला देणार, आणि कुठेतरी आयतीवर मिरचीचं भजं!

प्रेसवाल्याला बजावून ठेवलं होतं की वाया गेलेला एकेक कागद आम्हाला परत द्यायचा, आम्ही रीतीप्रमाणे जमिनीत पुरणार. तो बिचारा देतही होता. पण एक दिवस तो गावाला गेलेला आणि गठ्ठा जागेवर नाही. अक्का रिक्षाने थेट रद्दीच्या दुकानात. तिथून कळलं, सकाळीच कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याने कागद नेले.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का गाडीसमोर उभ्या होत्या, केस सुटलेले. "सगळी भजी द्या! बांधलेली, न बांधलेली, सगळी! आणि हे कागदही द्या!" बाकड्यावर एक गृहस्थ खात बसले होते. अक्कांनी त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. भजी त्यांच्या ओंजळीत ओतली!

घरी आणून एकेक कागद तेलातून सोडवला. आपा बाजूला बसून काही पुटपुटत होत्या. पहिला कागद सरळ केला. केळीच्या टिश्यू रोपांची जाहिरात. दुसराही तोच. चाळीसच्या चाळीस! आमचा गठ्ठा प्रेसमध्येच होता, मशीनमागे, नीट सुतळीने बांधलेला.

नाना तीन दिवस भजी खात होते. तक्रार करायची हिंमत त्यांना झाली नाही.

* * *

फोनचा किस्सा मी मुद्दाम मागे ठेवला होता.

फोटो फिरला त्यानंतर आपांच्या मोबाइलवर फोन यायला लागले. दर शुक्रवारी, साडेतीन-पावणेचारला, आम्ही बसलेल्या असतानाच. दर वेळी नंबर वेगळा, आवाज एकच. पुरुषाचा, चाळिशी-पन्नाशीतला. पहिल्या वेळी आपांचं बोट चुकून स्पीकरवर पडलं, म्हणून आम्ही ऐकलं. पुढे मीच हट्टाने स्पीकर लावायला लावला. काय बोलतो ते कळायला तर हवं!

तो आधी पूर्ण सलाम करायचा. 'अस्सलामु अलैकुम.' आणि मग एका सुरात, न ओरडता. काम बंद करा. तुम्ही कुठल्या बसने येता माहीत आहे. कुठे उतरता माहीत आहे. ती तडवी बाई कुठल्या फाट्यावर उतरते तेही माहीत आहे. ते हिंदूचं घर कुठल्या गल्लीत आहे, माहीत आहे.

आपा सलामाचं उत्तर द्यायच्या, सगळं शेवटपर्यंत ऐकायच्या आणि फोन ठेवायच्या. अक्का पहिल्यांदा म्हणाल्या, "धमकी द्यायची आणि आधी नमस्कार?" पण हसलं कुणी नाही.

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. नाना तर चप्पल घालून तयार. आपा म्हणाल्या, "नको." का नको? "नको." मी भांडले त्यांच्याशी. तुम्हाला मरायचं असेल, आम्हाला नाही, इतकं बोलले. त्या खाली मान घालून बसल्या, पण नकोच.

मग आम्ही ज्याचं त्याने निभावायला लागलो. मी घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचे, कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नाना दर शुक्रवारी छत्री घेऊन आपांच्या मागे दहा पावलांवरून स्टँडपर्यंत चालायचे, भर उन्हात. अक्कांनी खिडकीतलं मशीन काढून तिथे कपाट सरकवलं. जुबेदा महिनाभर आलीच नाही. मग एक दिवस दारात उभी. "घरमा बसी राहिनू तरी भ्याव तेच. मंग इथंच बरं."

असं वर्षावर चाललं. शेवटची प्रुफं आली त्या शुक्रवारी आम्ही चौघी जमिनीवर पानं पसरून बसलो होतो. पावणेचारला फोन वाजला. आपांनी घेतला.

"अस्सलामु अलैकुम."

"व अलैकुम अस्सलाम."

आणि पुढे काहीच नाही. नुसता श्वास. अक्कांच्या हातातली पेन्सिल सुटून घरंगळत गेली, ती उचलायला कुणी वाकलं नाही. इतके दिवस त्याच्या बोलण्याची भीती होती. त्या दिवशी त्याच्या न बोलण्याची जास्त वाटली. मग फोनमधून, लांबून, तान्हं बाळ रडल्याचा आवाज आला.

"माझ्या मुलीला ऐकवा," तो म्हणाला.

काय ऐकवायचं, कुणालाच कळेना. तेवढ्यात मुलीचा आवाज. विशीतली असेल. मराठीत बोलत होती.

"आपा, मला उर्दू वाचता येत नाही. मी झेडपीच्या शाळेत शिकले. नवऱ्याने सोडलंय मला. ते लोक उद्या येणार आहेत. म्हणतात, पोरगं आमचं आहे, ठेव आणि हो बाजूला. चार महिन्यांचं आहे हो ते, अंगावर पितं अजून. अब्बा म्हणाले, याचं काहीतरी लिहिलेलं आहे, आणि तुमच्याकडे मराठीत आहे."

आपांनी माझ्याकडे हात केला. मी पानं उलटीपालटी करत होते, नेमकं तेच सापडेना. जुबेदाने शोधून दिलं. नवराबायको वेगळे झाले आणि पदरात तान्हं असलं तर काय करायचं, तो भाग.

आपांनी वाचलं. त्यांच्या धुळ्याच्या उर्दू वळणाच्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून. आईने दूध पाजावं, बापाने तिच्या खाण्या-कपड्याची सोय करावी. लेकरापायी आईला छळू नये. बापालाही छळू नये.

"परत वाचा," मुलगी म्हणाली.

आपांनी परत वाचलं.

"परत."

तिसऱ्या वेळी ती बरोबरीने म्हणत होती. पाठ करत होती. शेवटच्या शब्दाला आवाज फुटला तिचा, आणि फोन कुणीतरी तिच्या हातून घेतला. पुन्हा तोच श्वास.

"पान मिळेल?" त्याने विचारलं.

"छापून झालं की."

"उद्याच्या आत पाहिजे."

"नसीम फोटो काढून पाठवेल. याच नंबरवर पाठवू ना?"

"याच नंबरवर. माझा आहे." मग त्याने सलाम केला आणि फोन ठेवला.

मी फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. नाना जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, "आपा, वर्षभर आम्ही मरणाच्या भीतीत काढलं. आता तर नंबरही आहे. निदान बघू तरी द्या, कोण आहे हा माणूस."

आपा पानं गोळा करत होत्या. क्रमाने लावत होत्या.

"अरबीत 'अलैकुम'मध्ये ऐन नावाचं अक्षर असतं," त्या म्हणाल्या. "घशातून काढावं लागतं. सात वर्षांचा असताना अरबी शिकायला माझ्या ओट्यावर बसून दोन महिने घोकलं याने. तेव्हाही जमलं नव्हतं."